जावकताईंचं शुद्धिपत्र

पोस्टमन आमच्या इमारतीत शिरला की बाकीच्या दारांमागे जरा शांतता पसरते. हल्ली पत्रानं चांगलं काही येत नाही, हे लहान पोरांनाही ठाऊक झालंय. पण तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दाराशी, तो हमखास टेकतो, पेलाभर पाणी पितो आणि म्हणतो, "ताई, आज दोनच." त्यावर ताई "दोनच?" असं कधीच म्हणत नाहीत. "अजून दोन," म्हणतात, आणि पाकिटं अशी हातात घेतात, जणू कुणी त्यांच्या डोक्यावर गोणी ठेवली.

या आमच्या जावकताई. नाव मीच ठेवलं आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तक्रार विभागात, त्यांनी एकतीस वर्षं काढली. आलेलं पत्र आवक वहीत, गेलेलं उत्तर जावक वहीत, मधे जास्तीत जास्त पंधरा दिवस. नळाला पाणी आलं की नाही हे देव जाणे, पण उत्तर आलं. आणि उत्तर तरी कसं? 'लवकरच कार्यवाही होईल' हे वाक्य त्यांनी जन्मात लिहिलं नाही. 'पाईप जुना आहे, बदलायला वर्ष लागेल, तोवर खालच्या नळावरून भरावं,' असं लिहायच्या. साहेब लोक कपाळाला हात लावायचे. "एकतीस वर्षांत एक पत्र बिनउत्तराचं राहिलं नाही, आणि एका उत्तरात खोटं गेलं नाही," हे त्या सांगतात तेही मिरवून नाही. पाठीत उसण भरलीय हे सांगावं, तसं.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी टेबल तेच, वह्या त्याच. फक्त आता तक्रारींच्या जागी टेपा येतात.

त्याचं असं आहे. ताईंना एक धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, त्यामुळे त्याला ताईंनीच वाढवला. ऐन विशीत त्यानं आणि दोन मित्रांनी आतल्या खोलीत एक कंपनी काढली. यंत्रांवर केलेल्या संगीताच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीताच्या, टेपा नि तबकड्या काढणारी. त्या धंद्यात अशा कंपनीला लेबल म्हणतात. आमची इमारत 'कंपनी'च म्हणायची, कारण तीन माणसं एका खोलीत दार लावून बसली की आमच्याकडे ती कंपनीच. मोडीत निघालेली यंत्रं आणायची, उघडायची, जोडायची, आणि मग आठ-आठ दिवस त्यातून एकच आवाज. मी नवीनच राहायला आलो होतो. मला वाटायचं, यांचा पंप बिघडलाय. एकदा पाना घेऊन मदतीलाही गेलो होतो.

अकरा वर्षांत तेवीस टेपा काढल्या. विकल्या किती ते विचारू नका. त्यांनीही कधी विचारलं नाही. पण प्रत्येक पाकिटाच्या मागे एक मजकूर असायचा, ताईंच्या कचेरीतल्या भाषेत: 'आपण केलेलं संगीत पाठवावं. प्रत्येक टेप ऐकली जाईल. प्रत्येकास उत्तर जाईल.' खाली आमच्या इमारतीचा पत्ता. उत्तरं भावाच्या सहीनं जायची.

मग जे सगळ्याच कंपन्यांचं होतं तेच झालं. एका मित्राला नोकरी लागली, दुसऱ्याला जुळी झाली. भावानं यंत्रं विकली आणि लिफ्ट बसवायच्या नि देखभालीच्या कामाला लागला. आता त्यानं बसवलेल्या लिफ्टमधे मजला आला की 'टिंग' वाजतं. मी त्याला म्हणतो, तुझ्या तेवीस टेपांपेक्षा हा टिंग जास्त लोकांनी ऐकला, आणि तोही मन लावून. तो हसतो. पूर्ण हसत नाही.

कंपनी बंद झाली, पण पाकिटावरचा मजकूर कसा बंद होणार? टेपा येत राहिल्या. भाऊ म्हणाला, "ताई, परत पाठव. बंद झालंय ते."

"छापलंय ना आपण?"

"दहा वर्षांपूर्वी छापलंय."

"तारीख कुठे टाकली होती? 'प्रत्येक' म्हटलंय."

झालं. तेव्हापासून उत्तरं ताई देतात. सही करताना वर बारीक अक्षरात 'करिता' लिहितात, जसं साहेबाच्या जागी कारकून सही करतो. पाठवणाऱ्या पोरांना 'करिता' म्हणजे काय ते कळत नाही. त्यांना वाटतं, तोच तो तेवीस टेपांवाला, अजून बसलाय आणि आपलं ऐकतोय. इंटरनेटवर म्हणे त्या जुन्या पाकिटाचा फोटो फिरतो. दुसरं कुणी कुणाला उत्तर देतच नाही, त्यामुळे इथून उत्तर येतं हीच बातमी झाली. काही जण ते चौकटीत लावतात. पेन ड्राइव्ह येतात, सीडीच्या चकत्या येतात, आणि हल्लीच्या पोरांना जुन्याची हौस म्हणून पुन्हा टेपा येतात.

टेप आली की क्रम ठरलेला. दुपारचा चहा झाला की पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, कानांवर तो भलामोठा हेडफोन, समोर कोरा कागद. एक टेप दोनदा ऐकायची. मग चार वाक्यं: दोन चांगली, एक दोषाचं, एक आभाराचं. त्यांच्या चेहऱ्यावर आवड दिसत नाही, नावड दिसत नाही. मी एकदा विचारलं, "ताई, कंटाळा नाही येत?"

"कंटाळा तरुणपणी येतो हो. मी दमलेय."

"मग सोडा की."

"पत्रं यायची थांबली की सोडीन. मधेच कशी सोडू?"

मी चष्म्यांचं दुकान चालवतो, इमारतीच्या खालीच. सत्तावीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय. एक गोष्ट सांगतो: ज्याची नजर जाते, त्याला कधीच वाटत नाही की आपली नजर गेली. तो येतो आणि म्हणतो, "हल्ली वर्तमानपत्रवाले छपाई फार बारीक करतात." दुसरा म्हणतो, "दिव्यात पूर्वीसारखा उजेड राहिला नाही." मी मान हलवतो, भिंग बसवतो, आणि छपाई एका मिनिटात सुधारते.

तर एका दुपारी मी ताईंकडे साखर मागायला, म्हणजे बातमी काढायला, गेलो होतो. त्यांनी हेडफोन उतरवला, डोळे चोळले आणि म्हणाल्या, "हल्लीची मुलं वरचा भाग वापरतच नाहीत. ते झांजेसारखं, शिट्टीसारखं बारीक असतं ना, ते गायबच. सगळ्यांना तेच लिहावं लागतं."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. कारण शेगडीवर त्यांची किटली शिट्टी मारत होती. बराच वेळ. मी उठून गॅस बंद केला. त्या म्हणाल्या, "उकळलं का? बरं झालं बघितलंत."

आता शहाणा माणूस काय करतो? सांगतो. मी काय केलं? मी दारावर नवी बेल बसवली. पाखराच्या चिवचिवाटाची, अगदी बारीक. आणि ताईंना निरोप पाठवला, जरा येऊन जा. बेल वाजली, मी बायकोचा हात धरून आत उभा. पुन्हा वाजली. बायको दबक्या आवाजात म्हणाली, "दार उघडा, लाज वाटू द्या थोडी." मग दारावर थाप पडली. ताई आत येऊन म्हणाल्या, "तुमची बेल मेलीय वाटतं. दोनदा दाबली."

"नवीनच आहे, बघतो," मी म्हणालो.

त्या गेल्यावर बायकोनं मला जे ऐकवलं, ते मला दोन्ही कानांनी नीट ऐकू आलं. पण सांगितलं मी तरीही नाही. दोन महिने. एक तर डोळ्यांचं सांगायला लोक माझ्याकडे येतात. कानांचं सांगायला मला कुणी बोलावलं नव्हतं. दुसरं म्हणजे, त्या बाईकडे त्या टेबलाखेरीज होतं काय? दमल्या होत्या हे खरं, पण दमायला तरी काहीतरी लागतंच की.

मग ती पुस्तकवाली आली.

बाई कॉलेजात शिकवायच्या आणि बंद पडलेल्या छोट्या संगीत कंपन्यांच्या वारशावर पुस्तक लिहीत होत्या. आधी त्यांनी पत्र पाठवलं होतं, आणि अर्थातच पंधरा दिवसांच्या आत उत्तर गेलं होतं. भावालाही बोलावलं. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी त्याला त्याच्या लग्नातही इतका नीट पाहिलेला नाही. मी आणि बायको आपोआप तिथे होतोच. बिस्किटांची बशी आमच्याकडूनच गेली होती, म्हणजे हक्कच होता.

पुस्तकवालीनं भावासमोर यंत्र ठेवलं, रेकॉर्ड करायला, आणि म्हणाली, "सर, तुमच्या तेवीस टेपा सगळ्यांना माहीत आहेत. पण माझ्या मते खरा वारसा पुढचा आहे. गेल्या सहा वर्षांत एक पिढीच तयार झालीय. वेगवेगळ्या गावांतली तीस-पस्तीस मुलं, एकमेकांना ओळखतही नाहीत, पण सगळ्यांचा आवाज एक. अत्यंत उंच, धारदार, टोचणारा. आणि प्रत्येकाकडे तुमचं पत्र आहे. ही दिशा तुम्हाला कधी सुचली?"

भाऊ ताईंकडे बघू लागला. ताई बशीकडे. मग तो शर्टाची कॉलर नीट करत म्हणाला, "ते... तसं हळूहळूच."

मला हसू आवरेना. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. पण भावाचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी गेलं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'सर' म्हणून त्याच्या कामाबद्दल विचारत होतं. लिफ्ट अडकल्याशिवाय त्याला कधी कुणी फोन केलेला नाही.

"ऐकवते," म्हणत पुस्तकवालीनं एक छोटा स्पीकर काढला आणि बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला. काचेवर कुणी खिळा ओढतंय, आणि ओढताना त्याला घाई अजिबात नाही. माझ्या दाढेत कळ गेली. बायकोनं दोन्ही कान झाकले. दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा रडायला लागला. पुस्तकवाली डोळे मिटून बसलेली, अर्थात तिनं कानांत कापूस घातला होता, हे मला नंतर दिसलं. आणि ताई? ताई मान किंचित कलती करून, शांतपणे ऐकत होत्या.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "जरा मवाळ आहे. वरचा भाग..."

आणि थांबल्या. त्यांनी बायकोचे कानांवरचे हात पाहिले. माझा चेहरा पाहिला. मग पुस्तकवालीच्या मांडीवरची पत्रं मागून घेतली, स्वतःच्याच अक्षरातली, आणि एकेक वाचली. सहा पत्रं. सहाही पत्रांत तिसरं वाक्य तेच: 'वरचा भाग कमी पडतो, वाढवून पाहावा.'

पुस्तकवाली गेली, भाऊ तिला सोडायला खाली उतरला. ताई माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, काही नाही.

"तुमच्या बेलला काही झालेलं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो.

"किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"दोन महिन्यांत अकरा पत्रं गेली," त्या म्हणाल्या, आणि घमेल्यातलं गार झालेलं पाणी ओतायला आत गेल्या. आजवर मला पुष्कळांनी शिव्या दिल्यात. त्यातली एकही इतके दिवस लागून राहिली नाही.

कानांच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेलो. त्यांनी नेलं नाही, मीच गेलो. काचेच्या खोलीत बसवून, आवाज आला की बोट वर करा, अशी ती तपासणी. बाहेर बसून मी बघत होतो. बोट सुरुवातीला वर-खाली होत होतं, आणि मग मांडीवरच राहिलं. डॉक्टरांनी कागदावर रेघ दाखवली. डावीकडे सपाट, आणि मग घसरगुंडी.

"वयाचं आहे, ताई. बोलणं ऐकू येतं म्हणून लक्षात येत नाही. बारीक आवाज आधी जातात. यंत्र घालू या, फरक पडेल."

"कधीपासून आहे?"

"तसं नाही सांगता येत."

"अंदाजे?"

"पाच वर्षं, सात वर्षं. त्याचं काय एवढं? आता यंत्र घातलं की..."

"तारीख हवी होती," ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्या सरकारी नोकरीत होत्या."

तारीख त्यांनी घरी येऊन स्वतःच काढली. प्रत्येक उत्तराची नक्कल त्यांच्याकडे असते. जावक वही उघडून त्या एकेक वर्ष मागे गेल्या, आणि 'वरचा भाग कमी पडतो' हे वाक्य पहिल्यांदा कुठे आलं ते शोधलं. सहा वर्षं चार महिने. त्यानंतर एकशे सत्त्याऐंशी उत्तरांत तेच वाक्य. म्हणजे एकशे सत्त्याऐंशी जणांनी चांगलं-भलं काही तरी करून पाठवलं होतं, आणि या बाईंनी त्यांना सांगितलं, अजून टोचरं कर. आणि त्यांनी केलं.

"शुद्धिपत्र काढावं लागेल," त्या म्हणाल्या.

ही बातमी भावापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. (मीच फोन केला. मला वाटलं, त्याला कळायला हवं.) तो संध्याकाळी कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस तसंच, धावत आला. दार उघडंच होतं, आणि माझंही उघडंच होतं, त्यामुळे मी ऐकलं यात माझा दोष निम्माच.

"ताई, काय लिहिणार आहेस तू?"

"जे झालं ते. मला ऐकू येत नव्हतं, सल्ला चुकीचा होता, त्याप्रमाणे वागू नये."

"अगं, त्यांचं बरं चाललंय. लोक तिकिटं काढून ऐकतात ते. पुस्तकात येतंय. एक अख्खं प्रकरण आहे, ती म्हणाली."

"चुकीवर?"

"चूक म्हणून कुणाला माहितीय? तुला आणि मला."

"आणि समोर," ताई म्हणाल्या. मी जरा मागे सरकलो.

भावानं ग्रीसचे हात शर्टाला पुसले. मग बोलला तो आवाज मी त्याच्याकडून पूर्वी कधी ऐकला नव्हता. "एकोणीस वर्षं मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय, ताई. पोरं विचारतात, बाबा तुम्ही आधी काय करायचात, तर मी सांगत नाही. परवा धाकटीनं ते इंटरनेटवर वाचलं. म्हणाली, बाबा, हे तुम्ही? तू हे पत्र पाठवलंस की सगळे हसतील. कंपनी म्हणजे एक बहिरी बाई आणि एक ठार मठ्ठ भाऊ, एवढंच राहील."

"तुझ्या तेवीस टेपा आहेत ना."

"त्या कोण ऐकतं?"

यावर ताई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. भाऊ जिन्यानं उतरला. लिफ्टवाला माणूस, पण त्या दिवशी त्यानं आमची लिफ्ट वापरली नाही.

पुस्तकवालीनंही फोन करून विनवलं. ती म्हणाली, निदान पुस्तक निघेपर्यंत थांबा. ताईंनी तिला सांगितलं, "बाई, तुमचं प्रकरण पुन्हा लिहा. मीही लिहितेच आहे."

आणि लिहिलंच. रोज आठ. हातानं. बायको पाकिटं चिकटवायची, मी पत्ते वाचून दाखवायचो, कारण नजर माझी बरी आहे आणि पापही माझंच होतं. मी म्हणालो, "ताई, एक लिहा, बाकीच्या झेरॉक्स काढू." त्या म्हणाल्या, "चूक एकेकाला वेगळी केली होती." यंत्र कानांत बसवलं होतं, पण ते त्यांना सोसत नव्हतं, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणायच्या. हात दुखायचा. मधेच पेन ठेवून त्या खिडकीकडे नुसत्या बघत बसायच्या, आणि आम्ही दोघं, बोलघेवडे म्हणून प्रसिद्ध असलेलं जोडपं, गप्प बसायचो.

चोवीस दिवसांत एकशे सत्त्याऐंशी पत्रं गेली.

मग उत्तरं यायला लागली. पोस्टमन म्हणाला, "ताई, आज अकरा." एकानं लिहिलं होतं, 'आता आम्हाला असंच आवडतं, आपण काळजी करू नये.' एकीनं लिहिलं, 'माझी आई पाच वर्षं मी वाजवायला बसले की घराबाहेर जाऊन बसते; तिला आपलं पत्र वाचून दाखवलं, ती रडली.' एक जण चिडला होता, त्यानं पत्र फाडून तुकडे पाठवले. ताईंनी ते तुकडे जुळवून वाचले आणि आवक वहीत नोंदवले. पण हसलं कुणीच नाही. भावाला उगाच वाटलं होतं.

भाऊ महिनाभर फिरकला नाही. मग एका दुपारी माझ्या दुकानात आला. मला वाटलं चष्मा बदलायला. त्यानं खिशातून ताईंचं एक शुद्धिपत्र काढलं. कुणा पोरानं त्याचा फोटो टाकला होता, आणि याच्या धाकटीनं तो छापून बाबांना दिला होता.

"तुम्ही पत्ते वाचत होता. पत्र वाचलं होतं?"

खोटं कशाला सांगू, नव्हतं वाचलं. इतक्या जवळ असून वाचलं नाही, असं आयुष्यात एकदाच झालं. त्यानं काउंटरवर कागद पसरला. पहिली तीन वाक्यं अपेक्षित होती: कानांचं, तारखेचं, चुकीच्या सल्ल्याचं. सही ताईंच्या स्वतःच्या नावानं. चौथं वाक्य होतं: 'कंपनी सुरू असतानाच्या अकरा वर्षांतली सर्व उत्तरं माझ्या भावानं प्रत्येक टेप स्वतः ऐकून सांगितली होती, त्यांस हे शुद्धिपत्र लागू नाही.'

"मग?" मी म्हणालो. "बरोबर तर आहे. तुझी बाजू सांभाळलीय त्यांनी."

भावानं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "मी एकही ऐकली नव्हती हो. एकही. आम्ही आतल्या खोलीत आमच्याच यंत्रांत असायचो. ती कचेरीतून यायची, टेपा ऐकायची, लिहायची, आणि माझ्यासमोर कागद धरायची. मी न वाचता सही ठोकायचो."

दुकानात एक म्हातारे गिऱ्हाईक फ्रेम बघत होते. त्यांनाही कळलं असावं, ते आरशाकडे वळले.

एकशे सत्त्याऐंशी वेळा खोटं, मी मनात म्हणालो. स्वतःच्या हातानं, दुखऱ्या हातानं, झेरॉक्स न काढता.

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" भावानं विचारलं.

माझ्याकडे बघून हा प्रश्न विचारणारा माणूस खरोखरच दुसरं कुणी भेटलं नाही म्हणून विचारत असणार. मी म्हणालो, "वर जा आधी." आणि दुकान बायकोवर सोपवून मीही गेलो. पाठोपाठ, पण तीन पायऱ्या सोडून.

ताईंनी दार उघडलं. भावाच्या हातातला कागद त्यांना दिसला. मग तो म्हणाला, "ताई, किती टेपा राहिल्यात?"

"चौदा."

"त्यांचं काय करणार?"

"परत पाठवणार. ऐकू येत नाही म्हणून मत देता येत नाही, असं कळवून."

"'प्रत्येक टेप ऐकली जाईल' असं छापलंय ना?"

ताई दाराच्या चौकटीला टेकल्या. चौसष्ट वर्षांची बाई, पण त्या दुपारी मला त्या ऐंशीच्या वाटल्या. "हो," त्या म्हणाल्या. "छापलंय खरं."

भाऊ टेबलाशी बसला. हात पुसले, हेडफोन कानांवर चढवला. ताईंनी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि एका कानावरचा हेडफोन बाजूला करून, शाळेत जाणाऱ्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "दोनदा ऐकायचं. दोन चांगली वाक्यं, एक दोष, एक आभार. कळलं?"

"आणि दोष नसला तर?"

"असतोच. नीट ऐक."

त्यानं बटण दाबलं. हेडफोन कानांवर असूनही तो बारीक, टोकदार आवाज खोलीभर झिरपला. पाठवणाऱ्यापर्यंत शुद्धिपत्र पोचण्याआधीची टेप असणार. भावानं तोंड वाकडं केलं, पण हेडफोन काढला नाही. ताई मागच्या खुर्चीत बसल्या, पाय स्टुलावर टाकले, कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. मी दारातूनच विचारलं, "ताई, चहा टाकू का?" त्यांना ऐकू गेलं नसावं. नाहीतर झोप लागली असावी. चार वाजले होते, आणि त्या वेळी झोपलेल्या त्यांना मी गेल्या पंचवीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं.